नमस्काराची नोंद

अर्ज भरून पाच दिवस झाले तरी फोनवर तीच एक ओळ होती : ‘वाहन चाचणीची तारीख : पुष्टी प्रलंबित.’ सानिका थोरवतने ती ओळ सकाळी दात घासताना पाहिली, दवाखान्यात दोन पेशंटांच्या मधे पाहिली आणि रात्रीच्या जेवणाला ताटाशेजारी फोन ठेवून पाहिली. ओळ काही हलेना. बाकीच्यांना तिसऱ्या दिवशी तारीख येते, हे तिने चार जणांना विचारून पक्कं केलं होतं.

“येतंय की,” हिंदुराव म्हणाले. “सरकारी काम हाय. बोंबलून लवकर हुतंय व्हय?”

हिंदुराव म्हणजे सानिकाचे वडील. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर. त्या एकतीस वर्षांत गाडीला ओरखडासुद्धा नाही, असा त्यांचा लौकिक. त्याबद्दल मिळालेलं चांदीचं पदक त्यांनी फ्रेममध्ये लावून घेतलं होतं. चार वर्षांपूर्वी सानिकाची आई गेली, तेव्हापासून कराडच्या त्या दोन खोल्यांत बापलेक दोघंच राहत होती.

सानिकाला घाई होती, आणि ती उगाच नव्हती. ती डोळे तपासायची. एका संस्थेने तिला फिरत्या नेत्रतपासणी गाडीवर घेतलं होतं. महामार्गावर आता गाड्या आपल्या आपण धावत होत्या, पण पाटणच्या वरच्या वाड्यांचे रस्ते त्या यंत्रांच्या काही पचनी पडले नव्हते. वळणावर म्हैस बसली, की ती शहाणी गाडी म्हशीच्या उठण्याची वाट बघत तासभर उभी राही. म्हणून संस्थेला डोळे तपासणारी आणि स्वतः गाडी चालवणारी अशी एकच व्यक्ती हवी होती. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं : एक फेब्रुवारीला परवान्यासह हजर व्हावे, अन्यथा जागा पुढच्या उमेदवाराला. सात वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात स्टुलावर बसून काढल्यावर हे पत्र आलं होतं. तिने ते उशीखाली ठेवलं नव्हतं, एवढंच.

आता परवाना पूर्वीसारखा मिळत नसे. प्रत्येक गाडीच्या चाकावर ‘पट्टी’ बसवणं सक्तीचं झालं होतं. पट्टी म्हणजे स्टिअरिंगला गुंडाळलेलं एक पातळ आवरण. त्यात केसाहून बारीक काचतंतू असत आणि ते हाताची थरथर टिपत.

थरथर सगळ्यांच्याच हाताला असते. ठणठणीत माणसाचा हातही सेकंदाला आठ ते बारा वेळा कापतो, पण इतका बारीक, की डोळ्याला दिसत नाही. मेंदूतल्या काही पेशी मरायला लागल्या, की ही लय मंदावते, सेकंदाला चार-पाचवर येते. कंपवाताची ही चाहूल डोळ्याला दिसायच्या पाच-सात वर्षं आधी पट्टीला लागते. घाटात दोन मोठे अपघात झाले, दोन्हींत चालकाचा हात ऐन वळणावर अडकला होता, आणि मग सरकारने नियमच केला : शिकणाऱ्याने पट्टीवर चाळीस तास भरायचे, त्यात हात निर्मळ दिसला तरच चाचणीची तारीख.

गाडी चालू करायला बिल्ला लागे. ज्याचा बिल्ला खाचेत, त्याच्या नावावर तास. शिकाऊ माणसाची आधीची नोंद कुठेच नसल्यामुळे पट्टी जो हात पाही, तोच त्याचा हात असं मानून चाले. सानिकाचा हिरवा शिकाऊ बिल्ला दाराजवळच्या खिळ्यावर लटकत असे, घरातल्या सगळ्या किल्ल्यांबरोबर.

शिकवायला अर्थातच हिंदुराव. घरच्या छोट्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून ते तिला गिअरपासून आरशापर्यंत सगळं शिकवत. पहिल्याच दिवशी म्हणाले, “आधी पाया पड.”

“कुणाच्या?”

“चाकाच्या.” आणि त्यांनी उजव्या हाताची बोटं हलकेच चाकाला टेकवून कपाळाला लावली. एकतीस वर्षं रोज पहाटे चाफळच्या मुक्कामी गाडीत बसताना त्यांनी हेच केलं होतं. “त्येच्या जिवावर माणसं बसत्यात गाडीत.”

“पप्पा, हे प्लॅस्टिक आहे. मी नाही पडणार.”

“नगं पडू. एक दिवस आपसूक पडशील.”

हा वाद रोजचा होता आणि दोघांनाही तो आवडायचा. संध्याकाळी कामावरून आली, की तासभर ती चालवी. डिसेंबरअखेरीस तिने पाहिलं, तर नावावर एकाहत्तर तास. इतके कधी झाले? तिला वाटलं, रविवारच्या फेऱ्या लांबल्या असतील. फुकटचं घबाड कोण मोजत बसतंय? तिने अर्ज ठोकून दिला.

सहाव्या दिवशी ओळ बदलली. ‘आपल्या हस्तकंपाच्या नोंदीत दोष आढळला आहे. तारीख राखून ठेवली आहे. मेंदूविकार तज्ज्ञांच्या प्रमाणपत्रानंतर विचार होईल.’

तिने ती तीनदा वाचली. मग स्वतःचा उजवा हात समोर धरून पाहिला.

डॉक्टरांनी तिला नाकाला बोट लावायला सांगितलं, रेषा ओढायला लावल्या, चालवून पाहिलं. “मला आज काही दिसत नाही,” ते म्हणाले. “पण पट्टी सात वर्षं पुढचं बघते, मी आजचं बघतो. काही नोंदींत लय बिघडलेली आहे, काहींत चांगली आहे. सुरुवातीला ते असंच येतं-जातं.” मेंदूच्या तपासणीचा नंबर पाच महिन्यांनी होता. तोवर प्रमाणपत्र देता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि कागदावर सही करून पुढच्या पेशंटला बोलावलं.

तिचं वय एकतीस होतं. दवाखान्यात लोकांच्या डोळ्यांसमोर भिंग धरताना तिची नजर भिंगाऐवजी बोटांवर जाई. चहाच्या कपाला बशी न लागता तो उचलता येतो का, हे ती दिवसातून दहादा बघे. एकदा कप बशीला लागलाच, तर ती संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नाही. संस्थेला कळवावं की नाही, लग्नाचं ज्या एका स्थळाशी बोलणं चाललं होतं त्यांना काय सांगावं, आपण पन्नाशीत कशा असू, असल्या विचारांनी तिचा जीव टांगणीला लागला होता.

हिंदुराव हे सगळं बघत होते. ते तिला हळद घालून दूध देत. तिचा हात आपल्या हातात घेत नसत, पण शेजारी बसत. एकदा म्हणाले, “तुझ्या मम्मीच्या माहेरी हुतं आसलं काय तरी. तिच्या मामाचा हात हालायचा. रक्तात येतं म्हणत्यात.”

“मम्मी कधी बोलली नाही.”

“कशाला बोलंल? माहेरचं उणं कोण सांगतंय?”

त्या दिवशी सानिकाने आईच्या फोटोकडे जरा रागानेच पाहिलं. पुढे हे आठवलं, की तिला स्वतःचीच लाज वाटे.

एकोणीस दिवस असे गेले. विसाव्या दिवशी ती परिवहन कार्यालयात गेली. नोंदींच्या खिडकीवर शिकलगार मॅडम होत्या. त्यांच्या आईच्या चष्म्याचा नंबर सानिकाने काढून दिला होता, त्या ओळखीवर त्यांनी तिला आत घेतलं. “बाहेर देत नाही आम्ही. पण तुमचीच नोंद आहे, बघायला काय हरकत?” म्हणत त्यांनी सगळ्या नोंदींचा कागद छापून पुढे ठेवला.

कागदावर एकाखाली एक रेघा होत्या. काही बारीक दातेरी, काही मोठ्या लाटांच्या. लाटांच्या रेघांपुढे तांबडी खूण होती. सानिकाने तांबड्या खुणांच्या वेळा वाचल्या. पहाटे पाच चाळीस. पाच छत्तीस. पाच बेचाळीस.

“मॅडम, मी पहाटे कधी गाडी काढलीच नाही. सातच्या आधी मी उठत नाही.”

“बिल्ला तुमचाच आहे.”

“आणि हे काय?” प्रत्येक तांबड्या रेघेच्या सुरुवातीला एक बारीकसं टोक होतं. मग थोडी मोकळी जागा, आणि मग रेघ.

शिकलगार मॅडमनी चष्मा वर सरकवला. “कुणीतरी चाकाला हात लावलाय. पकडलेलं नाही, नुसती बोटं टेकवलीत. मग तीन-चार सेकंद हात नाही. मग पकड. गंमतच आहे, प्रत्येक वेळी आहे की हे.”

सानिकाने संध्याकाळच्या रेघा पाहिल्या. एकीलाही ते टोक नव्हतं.

आधी तिला हायसं वाटलं, इतकं, की डोळ्यांत पाणी आलं. मला काही झालेलं नाही. हा हात माझा नाही. आणि डोळे पुसता पुसता दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली, की हे एका माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो माणूस तिला दूध आणून देत होता.

घरी हिंदुराव खाकी शर्टाला इस्त्री करत होते. रस्ता सुरक्षा महिन्याचा समारोप एकतीस तारखेला होता. त्या दिवशी डेपोची जुनी लाल गाडी मिरवणुकीत निघणार होती, आत शाळेची मुलं आणि चाकावर हिंदुराव थोरवत. मिरवणुकीपुरत्या काढलेल्या जुन्या गाडीला पट्टीची सक्ती नव्हती. चालू परवाना असला की पुरे होतं.

सानिकाने कागद इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. “हे टोक बघा, पप्पा. हा नमस्कार आहे.”

त्यांनी कागद हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला. इस्त्रीचं बटण बंद केलं.

“तुझं तास लवकर भरावंत म्हणून काढायचो गाडी,” ते म्हणाले. “आमच्या येळंला ड्रायव्हिंग स्कूलवालं असंच भरायचं. कोण रोज चालवत बसलंय? म्हटलं, पोरीला नोकरी हाय, वेळ गावत न्हाई.”

“माझे त्रेचाळीस तास मीच भरलेत. लागतात चाळीस. तुमचे अठ्ठावीस वर आहेत.” तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “बिल्ला तीन नोव्हेंबरला आला. ही नोंद चार नोव्हेंबरची. माझा पहिला धडा नऊ तारखेला होता. माझे तास भरायला मी शिकायच्या आधीच सुरुवात केलीत?”

त्यांनी इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली.

“स्वतःच्या बिल्ल्यावर का नाही काढलीत गाडी?”

“अंगठा हालतोय,” शेवटी हिंदुराव म्हणाले. “वरीस झालं. माझा बिल्ला घातला की दुसऱ्या दिवशी परवाना जमा करा म्हणून चिठ्ठी. आन् चालवल्याबिगर मला गमत न्हाई, सानू. चाफळच्या फाट्यापतोर जायचो आन् यायचो. रस्त्याला कुत्रं नसायचं त्या वक्ताला. कुणाला काय लागलं न्हाई.”

“मला लागलं.” तिचा आवाज चढला नाही, हेच तिला नंतर नवल वाटलं. “बिल्ला घेतलात ते एक वेळ मी सोडून दिलं असतं. मागितला असता तर कदाचित दिलाही असता. पण एकोणीस दिवस मी कप उचलून बघत होते आणि तुम्ही समोर बसून माझा हात बघत होतात. आणि मम्मीच्या मामाचं काय? तेही खोटंच ना?”

“तोंडातनं गेलं.”

“मेलेल्या माणसावर ढकललंत.”

हिंदुराव खाटेवर बसले. उजव्या हाताचा अंगठा त्यांनी डाव्या मुठीत धरला. “एकतीस तारीख हू दे फकस्त. मग मी आपणहून जाऊन सांगतो. डेपोत सगळ्यांना ठावं झालंय, पोरं यायच्यात.”

“त्याच पोरांना घेऊन जाणार तुम्ही, हा हात घेऊन? आणि एक तारखेला मला हजर व्हायचंय, ते?”

हिंदुरावांनी मूठ सोडवून अंगठ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, “बरं. उद्या जातो. तुझ्या मम्मीची आण.”

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली, तर ओट्यावर जिलबीचा पुडा होता. “सांगून आलो,” हिंदुराव म्हणाले. “कागद लिवून घेतला त्यांनी. साहेब चांगला हाय. दोन दिसांत तारीख येतीय म्हणाला.” सानिकाला एकदम भरून आलं. तिने त्यांच्या पाया पडून जिलबी खाल्ली आणि आपण जरा जास्तच बोललो, असंही तिला वाटलं.

मग पुन्हा तेच वाट बघणं सुरू झालं. दात घासताना, दोन पेशंटांच्या मधे, ताटाशेजारी. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. फोनवर ओळ तीच : ‘तारीख राखून ठेवली आहे.’ हिंदुराव रोज विचारत, “आलं का गं?” आणि ती नाही म्हणाली, की मान हलवून म्हणत, “सरकारी काम हाय.”

सत्तावीस तारखेला दुपारी तिने शिकलगार मॅडमना फोन लावला.

“थोरवत? नाही हो. तुमच्या नोंदीवर कुणाचाच जबाब आलेला नाही. मी तर रोज इथंच आहे.”

“खाकी शर्टातले, उंच, पांढऱ्या मिशा...”

“ते होय? आले होते शुक्रवारी. बाहेर बाकावर बसले होते तासभर. मी विचारलं पण, काय काम आहे म्हणून. काही नाही म्हणाले, आणि गेले.”

सानिका दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी आली. दाराशी वर्तमानपत्र पसरून हिंदुराव मटार सोलत बसले होते. शेंग डाव्या हातात, आणि उजवा अंगठा शेंगेवर टेकायच्या आधी क्षणभर थांबून थरथरत होता. इतके दिवस तिला हे दिसलंच नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासणारी ती, घरात तिने नीट पाहिलंच नव्हतं. ती समोर बसली आणि फोन काढला.

फॉर्म लहान होता. ‘खालील नोंदी माझ्या हाताच्या नाहीत.’ तिने अठ्ठावीस नोंदींवर खुणा केल्या. पुढे प्रश्न होता : ‘हात कोणाचा?’ दोन पर्याय. ‘माहीत नाही’ लिहिलं, तर बिल्ला हलगर्जीने ठेवल्याबद्दल सगळे तास रद्द आणि सहा महिने अर्जाला बंदी. नाव लिहिलं, तर त्या माणसाच्या जुन्या नोंदीशी हात ताडून पाहणार, जुळला की दोन्ही खाती लगेच वेगळी होणार.

“पप्पा, शुक्रवारी तुम्ही काय सांगितलंत त्यांना?”

“सगळं सांगितलं की.”

“बाकावर बसून?”

मटाराचे दाणे वर्तमानपत्रावर पडत राहिले. त्यांनी मान वर केली नाही. “आत पाय उचलंना,” ते म्हणाले. “चार दिस तर ऱ्हायल्यात. तुला नोकऱ्या मिळतील छप्पन्न. मला चाक पुन्हा गावायचं न्हाई.”

आपल्या बापाने आपल्याला तराजूत घातलं होतं, आणि कमी भरलो ते आपण, हे तिला तेव्हा लख्ख कळलं. तिने नाव लिहिलं. हिंदुराव ज्ञानू थोरवत. नातं : वडील. आणि खाली बटण दाबलं.

चौथ्या-पाचव्या मिनिटाला दोन्ही फोन एकदमच वाजले.

तिच्या फोनवर होतं : ‘चाचणी निश्चित. ३० जानेवारी, सकाळी साडेदहा. सोबत परवानाधारक व्यक्ती आणावी.’ ज्या ओळीसाठी ती महिनाभर झुरली होती, ती ही. तिला आनंद झाला नाही.

हिंदुरावांनी चष्मा लावून आपला फोन वाचला. मग तो पालथा ठेवला. “बापाचं नाव दिलंस,” ते म्हणाले.

“होय.”

“चोरावाणी.”

“तुमच्या समोर बसून दिलं, पप्पा.”

त्यांनी उरलेले मटार सोलले. एकही शेंग त्यांनी टाकली नाही.

तीस तारखेला तिच्याबरोबर जायला घरात परवानाधारक कुणी उरलं नव्हतं. तिने ड्रायव्हिंग स्कूलचा एक माणूस तासावर घेतला. दोन दिवस बापलेकीत जेवणापुरतंसुद्धा बोलणं नव्हतं. ती निघाली तेव्हा हिंदुराव अंगणात उभे होते आणि खाकी शर्ट घडी करून पुन्हा ट्रंकेत गेला होता.

चाचणी वीस मिनिटांची होती. चढावर थांबवणं, उलटी वळवणं, रस्त्यावरची एक फेरी. परीक्षक फारसा बोलला नाही. शेवटी त्याने ‘उत्तीर्ण’ असा शिक्का मारला आणि परवान्याबरोबर नवा बिल्ला आणि चाचणीच्या नोंदीचा कागद दिला. एक तारखेची नोकरी पक्की झाली होती.

घरी येऊन तिने तो कागद टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला आत गेली. बाहेर आली, तर हिंदुरावांनी कागद उचलला होता. तिनेच त्यांना त्या रेघा वाचायला शिकवल्या होत्या. ते खिडकीच्या उजेडात उभे राहून रेघेच्या अगदी सुरुवातीला बोट फिरवत होते. अंगठा कागदावर टकटक वाजत होता. त्यांनी बोट पुन्हा मागे नेलं, पुन्हा सुरुवातीपासून आणलं. रेघ बारीक, दातेरी आणि निर्मळ होती. ती सरळ पकडीपासूनच सुरू झाली होती.

“ह्यात नमस्कार दिसंना,” ते म्हणाले.

“केलाच नाही,” सानिका म्हणाली, आणि नवा बिल्ला खिळ्याला न अडकवता तिने आपल्या पर्समध्ये टाकला.